घोडे, उंदीर आणि त्यांना सांभाळणारी माणसे

साप चावल्यावर जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तापासून बनते, हे पिंपळे गुरवच्या बऱ्याच वाचकांना ठाऊक नसेल. हाफकिनने त्यासाठी जवळच, पिंपरीत, वर्षानुवर्षे घोडे पाळले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत टोचतात. त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये आपला जीव वाचवतात.

घोड्याला काय होत असेल, असे लोक विचारतात. विष हाताळणाऱ्याचे कोणी विचारत नाही. वाळवलेल्या विषाची पूड श्वासावाटे गेली तर काहींना ॲलर्जी जडते. म्हणून ती उघड्या टेबलावर नव्हे, हवा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात विरघळवावी.

जंतूंचे काम याहून जोखमीचे. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची एन.आय.व्ही.) त्या माकडतापाचा विषाणू शोधला, आणि त्यावर काम करताना प्रयोगशाळेतील माणसांनाही लागण झाली. २०१२ साली पाषाणला सर्वांत कडक सुरक्षेची प्रयोगशाळा झाली. तिथली हवा गाळल्याशिवाय बाहेर पडत नाही आणि माणूस अंघोळ केल्याशिवाय.

मला मात्र काळजी साध्या उंदीरघराची वाटते. उंदराच्या मूत्रातील प्रथिने वाळून धुळीबरोबर उडतात आणि पिंजरे साफ करणाऱ्याला शिंका, खोकला, पुढे दमाही लागतो. सुट्टीत बरे वाटते, कामावर गेले की पुन्हा सुरू. ही खूण लक्षात ठेवा. पिंजऱ्यातला भुसा कोरडा झाडू नका. मास्क नाकावर घट्ट बसणारा हवा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. कामाचे कपडे घरी धुवायला आणणे तर बंदच करा, घरात लहान मुले असतात.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, ती तशीच जाड डब्यात टाकावी. सुई टोचली किंवा माकड चावले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी, वरिष्ठांना सांगावे व लगेच दवाखाना गाठावा. माकडाच्या लाळेतून मेंदूला सूज आणणारा विषाणू येऊ शकतो. रेबीजचाही विचार करावा लागतो.

आणि डॉक्टरांकडे आल्यावर नुसते "ताप आहे, गोळी द्या" म्हणू नका. कोणता प्राणी, कोणता जंतू, कधी टोचले, हे कागदावर लिहून आणा.