डेस्मो इंजिन आणि जुनी डुकाटी
बेंगळुरूत जुनी डुकाटी मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्या हौशी मंडळींत असा एक समज रूढ आहे, की जिच्या डेस्मोड्रोमिक (झडप उघडण्याप्रमाणेच मिटविण्याचे कामही कॅमकडून करविणाऱ्या) रचनेत स्प्रिंगवर भिस्त नाही, तिच्यात सैल पडण्याजोगे काही उरतच नाही. सामान्य इंजिनाची झडप स्प्रिंग लावलेल्या दारासारखी आपोआप मिटते. अभियंते फाबिओ ताल्योनी यांनी 1956 साली डुकाटीच्या शर्यतीच्या गाडीत योजिलेली झडप मात्र, कोणी हाताने दार ओढून घ्यावे, तशी मिटविली जाते. समज स्वाभाविक आहे. परंतु उघडणे व मिटणे या दोन्ही क्रियांचा क्लिअरन्स (भागांमधील सूक्ष्म अंतर) स्वतंत्रपणे मोजावा लागतो, आणि 1994 च्या डुकाटी 916 मध्ये आठ झडपा असल्यामुळे अशी मोजमापे सोळा होतात. त्यातच तिचा टायमिंग बेल्ट (कॅम फिरविणारा रबरी पट्टा) गाडी नुसती उभी असली तरी वयोमानाने जीर्ण होतो, व तो तुटल्यास झडपा पिस्टनवर आदळतात. म्हणून मीटरवरील अल्प किलोमीटरांपेक्षा पट्टा बदलल्याची तारीखवार पावती मला अधिक विश्वसनीय वाटते. चासी व इंजिन यांचे क्रमांक नोंदणीच्या दस्तऐवजाशी ताडून पाहावेत, आणि गाडी परराज्यातील असल्यास तेथील आरटीओचा ना-हरकत दाखला सौद्यापूर्वीच मागून घ्यावा.