परड्यातील आसरा : काही शब्द आणि त्यांचा उपयोग

प्राण्यांच्या व पक्ष्यांच्या निवासासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांपैकी ‘घरटे’, ‘ढोली’ आणि ‘बीळ’ हे तीन परस्परांच्या जागी सहसा वापरता येत नाहीत. घरटे बांधले जाते, ढोली झाडात आयती सापडते आणि बीळ खणले जाते. ‘रोप’ या शब्दापासून ‘रोपटे’ व्हावे, त्याप्रमाणे ‘घर’ या शब्दास लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘घरटे’ सिद्ध झाले. ‘बीळ’ हे संस्कृत ‘बिल’ शब्दाचे रूप होय. परड्यात वन्य जीवांसाठी आसरा उभारू इच्छिणाऱ्यास हा भेद केवळ कोशापुरता नाही. कोणाला काय द्यावे आणि कोणाला काही देऊ नये, हे त्यावरूनच ठरते.

सुगरण पक्षी आपला खोपा स्वतः विणतो. त्याला लाकडी पेटी निरुपयोगी आहे. विहिरीवर झुकलेली बाभूळ आणि आसपासचे लांब पात्याचे गवत राखले, की त्याची सोय झाली. शिंपी पक्षी रुंद पाने शिवून घर करतो. त्याला दाट झुडूप पुरते. याउलट चिमणी व दयाळ हे आयत्या पोकळीचा आश्रय घेणारे पक्षी आहेत. मनुष्याने बांधून द्यावयाचे ते मुख्यत्वे अशांसाठी. ‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण रचणाऱ्या लोकांनी खणणारा आणि राहणारा यांतील हा फरक फार पूर्वीच टिपला आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील जुन्या घरांनी चिमणीची सोय न मागता केली होती. पश्चिमेकडील पावसाळी भागात उतरत्या छपरांना वळचण असे. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत मातीच्या धाब्याखाली तुळयांच्या सांदी असत. आणि भिंतीत कोनाडे तर सर्वत्र असत. सिमेंटच्या सपाट छताला वळचण नाही, तुळई नाही व सांदही नाही. ‘वळचणीचे पाणी आढ्याला’ ही म्हण पाठ्यपुस्तकांतून टिकली. परंतु ज्या मुलाने वळचण पाहिलेली नाही, त्याला तिचा अर्थ समजावून द्यावा लागतो. शब्दाचा आधार आणि पक्ष्याचा आधार असे एकाच वेळी नाहीसे झाले.

टांगावयाची पेटी ही त्या वळचणीची प्रतिनिधी होय. सुमारे दोन सेंटिमीटर जाडीच्या, रंग न दिलेल्या फळ्यांची, तळाशी आतून 15 सेंटिमीटर लांब-रुंद व 20 ते 25 सेंटिमीटर उंच पेटी चिमणीला पुरते. प्रवेशाचे भोक 3.2 सेंटिमीटर व्यासाचे असावे. ते मोठे झाल्यास थोराड पक्षी आत शिरून चिमणीला हुसकावतात. तळाला पाणी झिरपण्यासाठी बारीक छिद्रे ठेवावीत. भोकापुढे बसण्याची काडी लावू नये. तिचा उपयोग शत्रूलाच अधिक होतो. या प्रदेशात पावसाळी वारा पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो आणि दुपारचे ऊनही पश्चिमेचेच. म्हणून भोक पूर्वेस वा उत्तरेस करावे. मांजराला पोहोचता येणार नाही अशा रीतीने पेटी अडीच-तीन मीटर उंचीवर लावावी. पिलांना किडे भरवले जातात. तेव्हा ज्या परड्यात कीटकनाशके फवारली जातात, तेथे पेटी लावूनही उपयोग होत नाही.

ढोलीचा विचार याहून सोपा आहे. धोका नसेल तर वठलेली फांदी तोडू नये, एवढेच. तांबट अशा मऊ लाकडात भोक कोरतो व त्याने सोडलेल्या जागेत पुढे दुसरा जीव येतो. पोकळ बांबूचे वीतभर तुकडे, एका बाजूस पेर राखून जुडीने आडवे बांधले, तर एकट्या राहणाऱ्या मधमाश्या त्यांत अंडी घालतात. चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या ढिगात सरडा, सापसुरळी व बेडूक राहतात. मात्र त्याच सांदीत उंदीर आणि उंदरामागून नाग, मण्यार वा घोणसही येऊ शकते. म्हणून हा ढीग घरापासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर रचावा.

याच तत्त्वाचे मोठे उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. देवराष्ट्रे गावाजवळील सागरेश्वर अभयारण्य हे मानवनिर्मित अभयारण्य म्हणून ओळखले जाते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरांवर वृक्षराजी उभी राहिली. हरणे आणून सोडण्यात आली. आणि 1985 साली सुमारे 10.87 चौरस किलोमीटर क्षेत्रास अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज तेथे सांबर, चितळ व काळवीट आढळतात. तेथे आधी आसरा झाला आणि मग रहिवासी आले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

मराठीत ‘पाळणे’ आणि ‘आसरा देणे’ या दोन भिन्न क्रिया आहेत. पाळलेल्या जीवावर धन्याचा हक्क चालतो. आसरा दिलेल्यावर चालत नाही. ‘आसरा’ हा ‘आश्रय’ शब्दाचाच अवतार असून, त्यात येणाऱ्याची इच्छा गृहीत आहे. म्हणूनच टांगलेली पेटी पहिल्या वर्षी रिकामी राहिली, तर ती काढून टाकू नये. जागा राखून ठेवणे एवढेच देणाऱ्याचे काम. येणे न येणे हे चिमणीकडे.