इतिहासशिक्षकाची टिपणवही

इतिहासाचा शिक्षक जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेला इतिहास सांगत असतो. क्रमिक पुस्तके बदलतात, विद्यार्थी पुढच्या वर्गात जातात आणि फळ्यावरच्या सनावळ्या रोज पुसल्या जातात. परंतु ज्या शिक्षकाने वर्गाबाहेर स्वतःची एक वही ठेविली, आणि जे वाचले, ऐकले, पाहिले ते नेमाने तीत उतरविले, त्याचे इतिहासाशी असलेले नाते हळूहळू पालटत जाते. बडोद्याच्या मराठी माणसाला याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल गावी 1865 साली जन्मलेले गोविंद सखाराम सरदेसाई 1889 मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या सेवेत दाखल झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे आणि राजपुत्रांना शिकविणे हे त्यांचे काम. शिकविण्यासाठी हाताशी मराठीत नीट ग्रंथ नव्हते. म्हणून त्यांनी टिपणे काढावयास आरंभ केला. त्या टिपणांतूनच 1898 साली ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली आणि पुढे ‘मराठी रियासती’चे खंड एकामागून एक निघाले. 1925 साली सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 भाग संपादिले. महाराष्ट्र ज्यांना ‘रियासतकार’ म्हणून ओळखतो, त्यांच्या कार्याचे मूळ एका शिक्षकाच्या टिपणवहीत आहे, ही गोष्ट आम्हांला नेहमी धीर देत आली आहे.

आमची वही त्या मापाची नव्हे, हे सांगावयास नकोच. तिचा आरंभ वर्गातल्या एका प्रश्नाने झाला. ‘आपली माणसे येथे केव्हा आली?’ असे एका मुलीने विचारिले. पुस्तकातले उत्तर सोपे होते. पिलाजीराव गायकवाडांनी गुजरातेत पाय रोविला, 1732 साली डाकोर येथे त्यांचा घात झाला, आणि 1734 पासून बडोदे गायकवाडांकडे कायमचे राहिले. पण हे राज्याचे उत्तर झाले. त्या मुलीच्या घराचे नव्हे. म्हणून आम्ही वर्गाला सांगितले की, घरात जे सर्वांत जुने लिहिलेले सापडेल त्याची नक्कल करून आणा.

मुलांनी जे आणिले ते पाहून आम्ही थक्क झालो. जन्मपत्रिका आल्या, जमाखर्चाच्या वह्यांची पाने आली, लग्नाच्या याद्या आल्या. एका मुलाने तांब्याच्या घंगाळावर कोरलेले पणजीचे नाव आणि लग्नाचे साल कागदावर पेन्सिल घासून उमटवून आणिले. भांडे हेही इतिहासाचे साधन आहे, हे त्या दिवशी आमच्या वहीत प्रथम नोंदले गेले. घरातल्या स्त्रियांची नावे सरकारी कागदांत क्वचितच येतात. ती भांड्यांवर मात्र हमखास सापडतात.

यानंतर पहिली अडचण आली ती कालगणनेची. आमच्या घरांच्या कागदांत कोठे शक असतो, कोठे गुजराती पद्धतीचा कार्तिकापासूनचा विक्रम संवत, तर कोठे अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेला सुहूर सन. पानिपताचा संग्राम घ्या. दमाजीराव गायकवाड त्या रणात होते आणि तेथून जिवंत परतले. त्या दिवसाला 14 जानेवारी 1761 म्हणावे, शके 1682 म्हणावे, गुजरातेतला संवत 1817 म्हणावे, की ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे सुहूर 1161, म्हणावे? चारही एकच. सुहूर सन मृगाला पालटतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात 599 आणि जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंत 600 मिळविले की इसवी सन येतो. हे कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर चिकटविल्यापासून आमचे कितीतरी श्रम वाचले.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत ‘आमचे मूळपुरुष पिलाजीरावांच्या घोड्याबरोबर आले’ अशी आख्यायिका असते. कागद मात्र पुष्कळदा निराळे बोलतात. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत संस्थानाचा कारभार वाढला. 1906 साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व राज्यात लागू झाले. शाळांना मास्तर हवे होते, महसूल आणि न्यायखात्यांना कारकून हवे होते. पुष्कळ घरे आली ती या काळात, तलवार घेऊन नव्हे तर दौत-लेखणी घेऊन. एका वृद्ध गृहस्थांच्या घरी आजोबांच्या नेमणुकीचा हुकूम निघाला. त्यावरून कुटुंबाचे आगमन पिलाजीरावांच्या मागाहून दीडशेहून अधिक वर्षांनी झाले असे स्पष्ट दिसत होते. आम्ही हुकूम वाचून दाखविला. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत; मग म्हणाले, ‘मास्तर, हे लिहू नका. माझ्या नातवंडांना मी घोड्याची गोष्ट सांगितली आहे.’

काय करावे? कागद दडविणे हा शिक्षकधर्म नव्हे. आणि ज्या घराने विश्वासाने पेटी उघडली त्याला खोटे पाडणे हीही माणुसकी नव्हे. तेव्हापासून आमच्या वहीला एक शिस्त लागली. डाव्या पानावर ऐकलेले, उजव्या पानावर कागदात सापडलेले. डाव्या पानावर सांगणाऱ्याचे नाते आणि ऐकल्याची तारीख. उजव्या पानावर कागदाचे वर्णन. दोहोंची सरमिसळ करावयाची नाही आणि डावे पान फाडावयाचे नाही. घराण्याने दीडशे वर्षे जपलेली गोष्ट खरी नसली, तरी ती का जपली गेली हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आम्ही त्या गृहस्थांना दोन्ही पाने दाखविली. त्यांनी डावे पान दोनदा वाचले आणि उजव्या पानासाठी हुकूम पुन्हा आमच्या हाती दिला.

परप्रांतात इतिहास शिकविणाऱ्याला आणखी एक धडा शेजारी देतो. आमच्या वर्गात गुजराती मुलेही असत. आपल्या पुस्तकांतील ‘मुलूखगिरी’ हा शब्द आपल्याला पराक्रमाचा वाटतो. पण काठेवाडातल्या ज्या गावावर खंडणीसाठी फौज येई, त्या गावाला तो तसा वाटला नसणार. 1807 साली कर्नल वॉकर यांच्या मध्यस्थीने खंडणीच्या रकमा ठरविण्यात आल्या, यावरूनच त्या प्रश्नाची तीव्रता ध्यानी येते. 1664 आणि 1670 च्या सुरतेचेही तसेच. स्वराज्याच्या खजिन्याला जे बळ मिळाले, ते कोणाच्या तरी पेढीतून गेले होते. हे सांगितल्याने शिवछत्रपतींची थोरवी रतिभरही उणी होत नाही. आपण मात्र शेजाऱ्याच्या नजरेला नजर देऊन इतिहास सांगू शकतो.

आता सर्वांत जवळचे संकट सांगितले पाहिजे. ते मोडीचे. आपल्या घरांतले बहुतेक जुने कागद मोडीत आहेत. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हात न उचलता लिहिलेली ओळ. ज्यांनी ती लिपी शाळेत गिरविली ती पिढी आता जवळजवळ उरलेली नाही. वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणून रद्दी, असा हा क्रम आहे. दांडिया बाजाराजवळचा एक वाडा पाडावयाचा ठरला तेव्हा आम्ही निरोप मिळताच पोहोचलो; रुमाल दोन दिवस आधीच वजनावर विकले गेले होते. बांधणीची लाल फडकी तेवढी कोनाड्यात पडून होती. त्या दिवशी वहीचे उजवे पान कोरेच राहिले. ते आम्ही आजही कोरेच ठेविले आहे.

म्हणून सुज्ञ वाचकांना आमची विनंती आहे. इतिहास लिहिण्यासाठी रियासतकार व्हावे लागत नाही. एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा की, आपण येथे केव्हा आलो, कोणाच्या आधाराने आलो, पहिले बिऱ्हाड कोठे होते. आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. भांड्यांवरची नावे उतरवून घ्या. मोडी कागद आढळला तर वाचता येत नसला तरी त्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या. आज ते खिशातल्या फोननेही होते. मूळ कागदाला डिंक किंवा चिकटपट्टी लावू नका. सुती फडक्यात बांधून ओल नसलेल्या जागी ठेवा. आणि घर पाडण्यापूर्वी, पेटी विकण्यापूर्वी, मोडी वाचणाऱ्या एखाद्या माणसाला एकदा अवश्य बोलवा.

1949 साली बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. 1960 साली गुजरात राज्य झाले. आपण राहिलो. आपण येथे का आणि कसे राहिलो, हे कोणत्याही राज्याचे दप्तर सांगणार नाही. ते लिहिण्याचे काम आपल्याच घरांकडे आहे, आणि डावे पान भरून देणारी माणसे अजून आपल्यात आहेत तोवरच ते करावयाचे आहे.