चित्र बोलते, पण सांगितले तरच

डोळ्यांनी अजिबात न दिसणारी व्यक्ती इंटरनेटवरून खरेदी कशी करते? हा प्रश्न वर्गात विचारला, तर ‘कोणाच्या तरी मदतीने’ असे उत्तर बहुधा येईल. प्रत्यक्षात ती व्यक्ती हे काम एकटीने करू शकते. अट एवढीच, की दुकानाचे संकेतस्थळ नीट बांधलेले हवे.

अशा व्यक्तींसाठी ‘स्क्रीन रीडर’ नावाचा प्रोग्रॅम असतो. तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. नावावरून तो पडदा पाहत असेल असे वाटते. पण तसे नाही. प्रत्येक पानामागे एचटीएमएल या संकेतभाषेतील मजकूर असतो: हे शीर्षक, हा परिच्छेद, हे बटन, येथे चित्र. ब्राउझर त्यावरून पान पडद्यावर मांडतो आणि स्क्रीन रीडर त्याच संकेतांच्या आधारे ते बोलून दाखवतो. म्हणजेच जे संकेतांत नाही, ते सहसा ऐकूही येत नाही.

पातेल्याच्या चित्राचे उदाहरण घेऊ. चित्रासोबत ‘पर्यायी मजकूर’ लिहिण्याची सोय असते. तेथे ‘झाकणासह स्टीलचे पातेले, ३ लिटर’ असे लिहिले असेल, तर तेच ऐकू येते. काहीच लिहिले नसेल, तर नुसते ‘चित्र’ किंवा फाइलचे निरर्थक नाव कानी पडते. निव्वळ शोभेच्या चित्रासाठी मात्र ही जागा मुद्दाम रिकामी नोंदवतात, म्हणजे ते वगळले जाते.

अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानांच्या साखळीविरुद्ध २००६ साली कॅलिफोर्नियात अंध ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला, तो याच कारणावरून. चित्रांना पर्यायी मजकूर नाही आणि माउसशिवाय खरेदी पूर्ण करता येत नाही, अशी तक्रार होती. २००८ मध्ये तडजोड झाली. कंपनीने ६० लाख डॉलरचा निधी ठेवला आणि संकेतस्थळ सुधारण्याचे मान्य केले.

माउसचा मुद्दा केवळ अंधांपुरता नाही. ज्यांचा हात थरथरतो त्यांनाही बाण नेमका बटनावर नेता येत नाही. टॅब आणि एंटर या कळांनी सर्व कामे होणे त्यांच्या सोयीचे असते. कर्णबधिरांना चित्रफितीखाली लिखित संवाद लागतात; मंददृष्टी असलेल्यांना ठळक अक्षरे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर पांढऱ्यावर काळ्यासाठी २१ : १ येते. ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी ते किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावरील फिकट करडी अक्षरे येथे नापास होतात.

यांपैकी बरीचशी कामे पान बनवतानाच केली तर फारशी अवघड नाहीत. सगळे बांधून झाल्यावर हजारो पाने दुरुस्त करणे मात्र खर्चिक ठरते. इमारतीच्या आराखड्यात उतार आखणे सोपे. नंतर पायऱ्या फोडणे कठीण.

वर्गात करून पाहण्याजोगे दोन प्रयोग आहेत. पहिला: माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा पत्ता शोधा. आपण पानावर नेमके कोठे आहोत हे कळते का, ते पाहा. दुसरा: पाठ्यपुस्तकातील हृदयाच्या आकृतीसाठी तीन वाक्यांत पर्यायी मजकूर लिहा आणि आकृती न पाहिलेल्या विद्यार्थ्याला तो ऐकवून चित्र काढायला सांगा. ‘हृदयाची आकृती’ एवढेच लिहिणाऱ्याचे काय होते, ते लगेच दिसेल.