झिजलेली सातवाहन नाणी व त्यांची ओळख

प्राचीन नाणी दीर्घकाळ हाताळली गेल्याने झिजतात आणि जमिनीतील ओलावा व क्षार यांमुळे गंजतात. त्यांवरील चिन्हे व लेख पुसट झाले, म्हणजे नाणे कोणाचे हे ठरविणे कठीण होते. विदर्भात हा प्रश्न मुख्यतः सातवाहनांच्या पोटीन नाण्यांसंबंधी उद्‌भवतो. तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूस पोटीन म्हणतात.

यवतमाळला लागून असलेल्या वाशिम (तत्कालीन अकोला) जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली अशा सुमारे १,६०० नाण्यांचा संचय सापडला. वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. त्यात पुळुमावी, यज्ञ सातकर्णी, विजय सातकर्णी यांच्याबरोबरच कुंभ, कर्ण व शक सातकर्णी ही पुराणांतील वंशावळींत न आढळणारी नावेही त्यांनी वाचली. अशा राजांच्या अस्तित्वाचा पुरावा प्रामुख्याने नाण्यावरील दोन-तीन अक्षरेच होत.

भारतात सापडणारे रोमन सम्राट टायबीरियसचे चांदीचे नाणे झिजले, तरी सम्राटाची मुखाकृती व मागील बाजूची आसनस्थ स्त्री यांवरून ते ओळखता येते. पोटीन नाण्यांवर ही सोय नाही. दर्शनी बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व मागे ‘उज्जैन चिन्ह’ (अधिकाच्या खुणेने जोडलेली चार वर्तुळे) हा नमुना अनेक राजांनी वापरला. त्यामुळे चित्रावरून केवळ राजवंश कळतो. राजा कळतो तो हत्तीभोवतीच्या ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखावरून.

हा लेख सामान्यतः ‘रञो सिरि’ असा सुरू होतो व पुष्कळदा ‘सातकणिस’ असा संपतो. ही दोन्ही पदे अनेक राजांना समान असल्याने ती स्पष्ट दिसूनही निर्णय होत नाही. मधली अक्षरे निर्णायक ठरतात. शिवाय चकती ठशापेक्षा लहान असल्यास लेखाचा काही भाग नाण्यावर मुळातच उमटत नाही. म्हणून नसलेले अक्षर झिजले आहे की उमटलेच नव्हते, हे आधी पाहावे लागते. झिजेमुळे अक्षरे बदललेलीही भासतात. उदा., ब्राह्मी ‘क’ची आडवी रेघ गेली, तर उरलेली उभी रेघ ‘र’सारखी दिसते.

वाचनासाठी नाण्यावर एका बाजूने तिरपा प्रकाश पाडून ते सावकाश फिरवितात. त्यामुळे पुसट उठावाची छाया दिसू लागते. एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी मांडून एकावरील आरंभ, दुसऱ्यावरील मध्य व तिसऱ्यावरील शेवट जुळवितात. त्यामुळे संचय फुटून नाणी विखुरली, की पूर्ण लेख मिळण्याची शक्यता घटते. एकाच झिजलेल्या नाण्यावरून नवे नाव स्वीकारल्यास कधीही न झालेला राजा इतिहासात शिरू शकतो.

चिंच, लिंबू वा राख लावून नाणी घासल्यास गंजाबरोबर उरलेली अक्षरेही जातात. सापडलेल्या नाण्यांचे स्थळ व सोबतच्या वस्तू यांची नोंद ठेवून ती न घासता सुपूर्द करणे श्रेयस्कर. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला निधी सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे.