विहिरीतला पोहणारा समुद्रावर

अंबड, परतूर किंवा भोकरदनकडच्या खेड्यातल्या मुलांना पोहायला कोण शिकवते? बहुधा विहीर! पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, कोणीतरी काठावरून ढकलायचे, आणि काही दिवसांत डबा सुटतो. (शेततळ्यात मात्र शिकू नका. त्याच्या निसरड्या प्लास्टिकवरून वर चढताच येत नाही.)

पुढे शाळेची सहल कोकणात जाते आणि हाच पट्टीचा पोहणारा सर्वांच्या आधी समुद्रात धावतो. इथेच गफलत होते. विहिरीतले पाणी जागच्या जागी असते, समुद्राचे नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, हे तुमच्या शिक्षकांना आठवत असेल.

पुष्कळ किनाऱ्यांवर पाण्याखाली वाळूचा लांबट उंचवटा असतो, शेताच्या बांधासारखा. लाटा त्यावर फुटतात आणि पाणी आत लोटतात. हे पाणी परत कुठून जाणार? बांधाला एके ठिकाणी खांड पडली, की शेतातले सगळे पाणी तिथूनच धावते ना, अगदी तसेच! वाळूच्या खांडीतून एक अरुंद, जोरदार प्रवाह समुद्राकडे निघतो. तिथे पाणी खोल असल्याने लाटा फारशा फुटत नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत पट्टा दिसतो. नवखा माणूस नेमका तोच पट्टा निवडतो!

या प्रवाहाचा वेग कधीकधी सेकंदाला २ मीटरपर्यंत जातो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर मुक्त शैलीत जिंकलेल्या चीनच्या पान झानलेला ४६.४० सेकंद लागले. भागाकार करून पाहा, म्हणजे किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट का फसतो ते कळेल. माणूस दमतो, आणि दमल्यामुळे बुडतो. प्रवाह कोणाला खाली ओढत नाही. तो फक्त दूर नेतो, आणि लाटा फुटण्याच्या जागेपलीकडे त्याचा जोर ओसरतो.

म्हणून अडकलात तर आधी तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा. प्रवाह रुंद नसतो. त्यातून बाजूला झालात की फुटणाऱ्या लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतील. मित्र अडकला असेल तर त्याच्यामागे उडी मारू नका. जीवरक्षकाला किंवा कोळीबांधवांना हाक मारा, आणि दोर, फुगवलेली ट्यूब नाहीतर बूच घट्ट लावलेला तोच रिकामा डबा त्याच्याकडे फेका.