राष्ट्रीय अहंकार आणि ईश्वरी न्याय : बायबलमधील संदेष्ट्यांची शिकवण व औंधचा दाखला

प्रस्तावना :
राष्ट्राभिमान कोठे संपतो व राष्ट्रीय अहंकार कोठे सुरू होतो, हा प्रश्न इतिहास, राज्यशास्त्र आणि धर्मचिंतन या तिन्ही ज्ञानशाखांचा आहे. बायबलच्या जुन्या करारातील संदेष्ट्यांनी त्याचा विचार ईश्वरी न्यायाच्या संदर्भात केला. प्रस्तुत लेखात त्या विचाराची प्रमुख सूत्रे मांडून औंध संस्थानातील सत्तात्यागाशी त्यांची तुलना केली आहे.

अहंकाराचे स्वरूप :
यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूरचे साम्राज्य हे देवाच्या हातातील दंड मानले आहे. मात्र मिळालेला विजय हा केवळ आपल्याच बाहुबलाचा व बुद्धीचा, असे अश्शूरचा राजा मानू लागताच तोही न्यायास पात्र ठरतो. कुऱ्हाडीने ती चालविणाऱ्यापुढे बढाई मारावी, तसा हा प्रकार असल्याचे यशया म्हणतो. पुढे इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे नगरीचा पाडाव झाला.

न्यायाची समदृष्टी :
इ.स.पू. आठव्या शतकातील आमोस हा तकोवा येथील मेंढपाळ. तो प्रथम दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन व मवाब यांचे अपराध सांगतो. शेजाऱ्यांची ही निंदा श्रोत्यांना रुचली असणार. परंतु त्यानंतर तो यहूदा व शेवटी खुद्द इस्राएल यांच्याकडे वळतो. इस्राएलात गरिबांची जोड्यांच्या मोलाने विक्री होते, हा त्याचा आरोप आहे. बेथेलचा याजक अमस्या त्याला तेथून निघून जाण्यास बजावतो. कारण ते राजाचे पवित्रस्थान होते. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन व ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले. निवडलेली प्रजा म्हणून कोणालाही सवलत नाही, हे या शिकवणीचे मर्म होय.

पश्चात्तापाची वाट :
न्यायाची घोषणा ही अटळ नियती नव्हे. राजवाड्यावर फिरत असता आपणच हे थोर बाबेल उभारले, अशी बढाई मारणाऱ्या नबुखद्नेस्सराला दानीएलाने आधीच नीतीने वागण्याचा व दीनांवर दया करण्याचा सल्ला दिला होता. त्याने तो मानला नाही व त्याचे राज्य काही काळ त्याच्यापासून गेले. योनाच्या ग्रंथातील निनवेचा राजा मात्र सिंहासनावरून उठून, राजवस्त्र उतरवून राखेत बसतो, आणि नगर वाचते.

औंधचा दाखला :
सिंहासनावरून स्वेच्छेने उतरण्याचे उदाहरण आपल्या परिसरातही आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांत, तसेच कर्नाटकात विखुरलेल्या औंध संस्थानात सुमारे ७२ गावे होती. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये प्रजेला स्वराज्य देण्याची घोषणा केली. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने, तसेच आप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेली राज्यघटना जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली व ग्रामपंचायत हा राज्यकारभाराचा पाया ठरला. या निर्णयामागील प्रेरणा बायबलची नव्हती. तेव्हा येथे प्रभाव शोधावयाचा नसून साम्य पाहावयाचे आहे. सत्ता ही आपली मालमत्ता नसून ती सोपविलेली ठेव आहे, ही जाणीव दोन्हीकडे दिसते.

निष्कर्ष :
संदेष्ट्यांची शिकवण शत्रुराष्ट्रांच्या विनाशाचे भाकीत म्हणून वाचली, तर तीच अहंकाराला खतपाणी घालते. तिचा रोख प्रथम स्वतःच्या घराकडे आहे. इतिहासाचे अध्यापन करताना आपण कोणाच्या अपराधांची यादी करतो व ती कोठे थांबवितो, याचा विचार अध्यापकांनी करणे म्हणूनच अगत्याचे आहे.